मोरीतली कोरडी कडा

पहाटे ४.१५, जळगाव

रात्री दोन-अडीचपर्यंत पाऊस लागून होता. आता थांबलाय, पण पन्हाळीतून अजून गळतंय. जुलैतली अशी रात्र गेली की सकाळी उशिरा उठून चालत नाही. रात्रभर रस्त्यावर जे काही मेलं, ते उजाडायच्या आत मोजलं तरच मोजलं जातं. उजाडलं की कावळे येतात, त्यांच्या मागून गावातली कुत्री, आणि त्या दोघांच्याही आधी दुधाच्या गाड्या आणि एसट्यांची चाकं बारीकसारीक सगळं पुसून टाकतात.

आप्पा जीप घेऊन दारात उभे आहेत. पिशवीत टॉर्च, मीटरपट्टी, जीपीएस, रबरी हातमोजे, कॅमेऱ्याची रिकामी कार्डं, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही. मोबाईलवर नोंद करता येते, पण ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही.

माझं काम एका वाक्यात सांगायचं तर, रस्ता रुंद केल्याने आजूबाजूच्या जिवांचं काय होतं ते पाहून लिहिणं. हा रस्ता एरंडोल आणि पारोळ्याच्या मधल्या पट्ट्यातला आहे, राज्य मार्ग. अर्धा रुंद होऊन झालाय, अर्ध्याचं काम अजून व्हायचंय. रस्त्याचं आणि कंत्राटदाराचं नाव इथे लिहीत नाही. काम चालू आहे आणि मला त्याच माणसांशी रोज बोलायचंय.

पहाटे ४.४०, गिरणेचा पूल

बांभोरीला गिरणा ओलांडली. पाणी गढूळ, भरलेलं. पुढे विद्यापीठाचे दिवे. बहिणाबाई चौधरींचं नाव त्याला दिलंय हे मला फार योग्य वाटतं. सुगरणीचं घरटं एवढं निरखून पाहणारी बाई याच मुलखातली, इथून जवळच्या असोद्याची.

पहाटे ५.२०, साखळी क्रमांक शून्य

म्हणजे रस्त्याच्या मोजणीची सुरुवात. जीप मागे ठेवून पायी. आप्पा मागचे दिवे लावून सावकाश येतात, म्हणजे मागून येणारा ट्रक सावध होतो. डाव्या बाजूने जायचं, उजव्या बाजूने परत यायचं. नजर डांबरावर आणि साइडपट्टीच्या गवतावर.

पहिला जीव भेक. दुसराही भेक. तिसरी दिवड, पाण्यातला बिनविषारी साप, मधोमध चिरडलेला. मग भेकांची एक रांगच, बहुतेक शेजारच्या खाचेतल्या डबक्याकडे निघालेले. पहिल्या दमदार पावसानंतर भेक आणि बेडूक अंडी घालायला पाण्याकडे जातात. वाटेत रस्ता आला म्हणून ते वळसा घालत नाहीत, सरळ जातात. पुढे एक रातवा पंख पसरून पडलाय. रातवा हा संध्याकाळनंतर उडणारा, किडे खाणारा पक्षी. दिवसभर तापलेलं डांबर रात्री उशिरापर्यंत ऊब धरून ठेवतं. साप त्या उबेला येतात, किडे दिव्यांना येतात, रातवा किड्यांना येतो. गाडीच्या झोतात त्याचे डोळे लाल चमकतात आणि तो उडायला क्षणभर उशीर करतो.

प्रत्येक ठिकाणी जीपीएसचा ठिपका, जात, रस्त्याच्या कडेपासूनचं अंतर, दोन्ही बाजूंना काय आहे ते. कापूस, पडीक, नाला, बाभळीचं बन. हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. मेलेला भेक फक्त एवढंच सांगतो की इथे भेक मेला. पण वर्षभराचे ठिपके नकाशावर टाकले की ते विखुरलेले राहत नाहीत, नाल्यांच्या आणि बांधांच्या रेषांवर गोळा होतात. जनावरांच्या वाटा तिथूनच असतात.

एका पावसाळ्याचं हे काम मोठ्या अहवालांत बहुतेक वेळा नसतंच. पर्यावरण आघात मूल्यांकनाची पायाभूत पाहणी सहसा एका हंगामाची, आणि तीही पावसाळा सोडून. हवा, पाणी, आवाज यांच्या मोजणीसाठी ते सोयीचं असेल. पण खानदेशात एप्रिल-मेमध्ये भेक शोधायला गेलात तर तो जमिनीखाली फूटभर खोल झोपलेला असतो. मग यादीत बेडूक-सापांपुढे दोन-चार नावं येतात आणि रस्ता पुढे जातो.

सकाळी ६.४५

उजाडलं. कावळे आले. येताना जिथे रातवा होता तिथे परतीच्या वाटेवर एक पीस उरलंय. दोन ठिकाणी नुसता ओलसर डाग.

बैलजोडी घेऊन निघालेले एक नाना थांबले.

"ताई, इतली सकाय काय शोधी राह्यनात?"

मी सांगितलं, मेलेली जनावरं मोजतेय. त्यांना त्यात काही विचित्र वाटलं नाही. पुढच्या वळणाकडे बोट दाखवून म्हणाले, "पहिले आठे मोठी मोरी व्हती. तिनामाईन गाडी निंघे." म्हणजे मोरीखालून बैलगाडी जायची. आता तिथे नळ आहेत. नानांना बैलगाडी घेऊन पलीकडच्या शेतात जायला अर्धा किलोमीटर लांबून जावं लागतं. मी कोल्ह्यांच्या वाटेबद्दल विचारणार होते, त्याआधी त्यांनीच माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

सकाळी ८.००, मोऱ्या

दिवसातला माझा आवडता आणि सगळ्यांत चिखलाचा भाग हाच. रस्त्याखालून पाणी जायला जे बांधकाम असतं त्याला खात्यात 'सीडी वर्क' म्हणतात, गावात मोरी. या रस्त्यावरच्या प्रत्येक मोरीत मी वाकून, कधी रांगत, शिरलेय.

मोरीला एवढं महत्त्व का, ते खानदेशाच्या मातीत आहे. आपली काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हात आकसते, हातभर भेगा पडतात. तिच्यावर थेट डांबर टाकलं तर दोन पावसाळ्यांत रस्ता लाटांसारखा होईल. म्हणून ती काढून टाकतात किंवा तिच्यावर मुरमाचा जाड भराव घालतात आणि रस्ता उचलतात. अभियंत्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण उचललेला रस्ता शेताच्या पातळीवरून पाहिला तर बांध दिसतो. कासवाला, भेकाला, साळिंदराला तो चढण. वर क्रॅश बॅरियर असेल तर भिंत. त्या भिंतीला जी काही दारं आहेत ती म्हणजे मोऱ्या.

रुंदीकरण न झालेल्या अर्ध्या भागात जुन्या दगडी मोऱ्या अजून आहेत. चुन्यात बांधलेल्या, वर फरशी किंवा स्लॅब. मी मोजलेली एक दोन मीटर रुंद, दीड मीटर उंच, आठ मीटर लांब. तळाशी मातीच, म्हणजे नाल्याचंच पात्र आत आलेलं. तोंडाशी वाकलं की पलीकडचा उजेड आणि बाभळ दिसते.

रुंद झालेल्या भागात तशाच नाल्यावर एक मीटर व्यासाचा काँक्रीटचा नळ आहे, चौदा मीटर लांब. प्राण्यांच्या वाटांचा अभ्यास करणारे एक साधं गणित करतात. तोंडाचं क्षेत्रफळ भागिले लांबी. जेवढा आकडा मोठा तेवढी मोरी जनावराला मोकळी वाटते. जुन्या मोरीचा आकडा ०.३७५. नळाचा ०.०६ सुद्धा येत नाही. सहा-सात पटींचा फरक. कोल्हा तोंडाशी येतो, वास घेतो, पलीकडे उजेडाचा रुपयाएवढा ठिपका पाहतो आणि वळून वर रस्त्यावर चढतो. हे मी अंदाजाने लिहीत नाही. नळाच्या तोंडाशी लावलेल्या कॅमेऱ्यात तीन वेगवेगळ्या रात्री तोच प्रसंग आहे.

नळाला आणखी एक खोड आहे. आत शिरायच्या बाजूला पाणी गोळा करायला चौकोनी कुंडी बांधतात, उभ्या भिंतींची. आज एका कुंडीत चार भेक आणि एक छोटं कासव पोहत होतं. बाहेर निघायला उतार नाही. मी हातमोजे घालून पाचही जणांना बाहेर काढलं आणि वहीत लिहिलं: कुंडीच्या एका भिंतीला दगडांचा तिरका उतार हवा. खर्च जवळपास काहीच नाही.

मग अकराव्या क्रमांकाची मोरी. ही नवी, पण नळाची नाही, चौकोनी पेटीची. दोन मीटर बाय दोन. पाण्याचा लोट मोठा म्हणून इथे पेटी घ्यावीच लागली. आकाराने उत्तम, पण तळ सपाट काँक्रीटचा असल्याने पावसाळ्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत पाणी पसरतं, पाय ठेवायला कोरडी जागा राहत नाही. अशा पेट्यांमधून पावसाळ्यात फारसं कुणी जात नाही.

पण हिच्यात जातात. कारण शेजारच्या शेतकऱ्याने, सकाळचे नाना ते हेच, पलीकडे जायला एका भिंतीलगत मुरूम टाकून त्यावर घराच्या कामातून उरलेल्या शहाबादी फरशा ठेवल्यात. स्वतःसाठी आणि दोन शेळ्यांसाठी. पाण्याच्या वर एक कोरडी कडा.

कार्ड काढून छोट्या पडद्यावर पाहिलं. नाना. शेळी. शेळी. मुंगूस. नानांची मिसेस डोक्यावर भारा घेऊन. रानमांजर. आणि काल रात्री २ वाजून १४ मिनिटांनी, बाजूने गढूळ पाणी धो धो वाहत असताना, फरशीवरून संथपणे जाणारं एक साळिंदर, काटे आडवे पाडून. मी मोरीतच उभी राहून ते चित्र पुन्हा पुन्हा पाहिलं. आप्पांनी वरून हाक मारली तेव्हा लक्षात आलं की बुटात पाणी भरलंय.

सकाळी १०.३०, झाडं

न झालेल्या भागात तोडायच्या झाडांवर आकडे रंगवलेत. कडुनिंब सगळ्यांत जास्त, मग चिंच, बाभूळ, मधूनच वड. तोडणीच्या तक्त्यात जात, छातीच्या उंचीवरचा घेर आणि उंची एवढे रकाने असतात. यातून लाकूड किती निघेल ते कळतं. झाडात कोण राहतं, ते नाही. म्हणून मी प्रत्येक पानाच्या समासात हाताने तीन रकाने आखते: ढोली, घरटं, वटवाघळं. आज विहिरीवर झुकलेल्या एका बाभळीला सुगरणीची अर्धी विणलेली घरटी लोंबत होती. जुलैत विणीचा हंगाम असतो. ही एक बाभूळ दिवाळीनंतर तोडली तर निदान यंदाची पिल्लं उडून गेलेली असतील. अहवालात ही ओळ 'कामाचा हंगाम' या शीर्षकाखाली जाईल.

कोणी म्हणतं, 'तुमच्या यादीतला अमुक पक्षी इथे नोंदलेलाच नाही.' मग मी त्यांना रानपिंगळ्याची गोष्ट सांगते. पक्षीतज्ज्ञ ह्यूमने १८७३ मध्ये वर्णन केलेलं हे छोटं घुबड १८८४ नंतर कुणाला दिसेना. नामशेष झालं असं बहुतेकांनी धरलं. नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षी-अभ्यासक पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना ते पुन्हा सापडलं, शहाद्याजवळ. नंदुरबार जिल्हा १९९८ चा, म्हणजे तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यातच होतं. आपल्याच खानदेशातला, चक्क दिवसा वावरणारा पक्षी, ११३ वर्षं कागदावर नव्हता आणि झाडावर होता. पुढे तो यावलच्या जंगलातही आढळला. इथल्या कडुनिंबांवर तो मिळणार नाही, त्याला सातपुड्याचं सागाचं विरळ जंगल लागतं. पण 'नोंद नाही' याचा अर्थ 'कुणी पाहिलं नाही' एवढाच असतो, हे त्याच्याइतकं स्पष्ट कुणी सांगत नाही.

दुपारी १.००, पारोळा

कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. बुटांतलं पाणी उन्हात ओतून मोजे जीपच्या बॉनेटवर वाळत घातले.

दुपारी २.४५, धुळे, अभियंत्यांचं कार्यालय

धुळे म्हणजे रस्त्यांचंच गाव. मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरहून येणारा, तीन मोठे मार्ग इथे भेटतात. कार्यालयाच्या भिंतीवरच्या नकाशात ते तिन्ही जाड रेघांनी काढलेत. नाले त्यात नाहीत.

कार्यकारी अभियंते माझ्याशी नीट बोलतात, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. त्यांनी आधीच सांगून ठेवलंय, "मॅडम, कायद्याने आम्हाला हा अभ्यास बंधनकारक नाही." ते खरं आहे. पर्यावरण मंजुरीची अधिसूचना २००६ ची. २०१३ च्या दुरुस्तीनंतर राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणाला मंजुरी लागते ती लांबी १०० किलोमीटरहून जास्त आणि जादा जमिनीची रुंदी जुन्या मार्गावर ४० मीटरहून, वळणमार्गावर ६० मीटरहून जास्त असेल तर. आमचा रस्ता तर राज्य मार्ग, तो त्या मापात कुठेच बसत नाही. अभ्यास होतोय तो कर्ज देणाऱ्या बँकेच्या अटीमुळे. तालुक्या-तालुक्यांना जोडणारे असे बहुतेक रस्ते या चाळणीतून खाली निसटतात. माझ्या मते खानदेशातलं खरं नुकसान इथेच होतं, थोडं थोडं, शेकडो मोऱ्यांवर.

जिथे वाघ असतो तिथे निदान आवाज तरी उठतो. मुक्ताईनगर तालुक्यात केळीच्या बागांपर्यंत येणारे वाघ दिसू लागले, आणि २०१४ मध्ये तिथलं १२२ चौरस किलोमीटरहून जास्त जंगल मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र झालं. ते व्हायलाच हवं होतं. विदर्भात पेंचमधून जाणाऱ्या महामार्ग ४४ वर, मानसर ते खवासाच्या टप्प्यात, १६.१ किलोमीटरमध्ये जनावरांसाठी नऊ बांधकामं झाली. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये त्यांच्याखाली कॅमेरे लावले. १८ जातींचे प्राणी मिळाले, छायाचित्रं ५,४५०. त्यांत ११ वेगवेगळे वाघ होते. म्हणजे वाट ठेवली तर जनावरं ती वापरतात, याचा पुरावा बाहेरदेशातून आणायला नको, नागपूरच्या शेजारीच आहे.

पण साळिंदरासाठी तिथल्यासारखा साडेसातशे मीटरचा पूल कुणी बांधणार नाही, आणि मी तो मागतही नाही. मी टेबलावर तीन गोष्टी ठेवल्या. उरलेल्या भागात ज्या नाल्यांवर ठिपके गोळा झालेत तिथे नळाऐवजी पेटी. कुंड्यांना उतार. आणि प्रत्येक पेटीत एका भिंतीलगत कोरडी कडा. मग साळिंदराचं चित्र दाखवलं.

साहेब बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मोरी पाण्याच्या हिशोबाने बसते, मॅडम. कडा घातली की पात्र तेवढं कमी. पूर आला तर भराव जाईल आणि गाव मला विचारेल." हा आक्षेप योग्य आहे. त्यांनी पेटीच्या आराखड्याचा कागद ओढला, पुराची पातळी पाहिली, मागच्या बाजूला पेन्सिलने काही भागाकार केले. "नळाऐवजी पेटी सगळीकडे जमणार नाही, अंदाजपत्रक मंजूर झालंय. उतार जमेल. कडेचं पाहतो. चार पेट्या अजून ओतायच्या आहेत." आणि पेन्सिल तशीच धरून विचारलं, "किती रुंद लागेल?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. परदेशातल्या पुस्तकांतली मापं होती, पण ती तिकडच्या प्राण्यांची. अकराव्या मोरीत मी पेटी मोजली, पाणी मोजलं, उजेड मोजला. नानांची फरशी मोजायची राहिली.

"उद्या सांगते," म्हटलं.

संध्याकाळी ५.१५, लळिंग

परतायच्या आधी धुळ्याच्या दक्षिणेला लळिंगच्या कुरणात तासभर. हे कामाचंच आहे. मुंबई-आग्रा मार्गापासून ५०, २०० आणि ५०० मीटरवर उभं राहून प्रत्येकी दहा मिनिटं पक्षी ऐकायचे. डांबर संपलं म्हणून रस्ता संपत नाही. आवाज, धूळ, उजेड आत किती खोल जातात, त्या पट्ट्याला रिचर्ड फोरमन यांच्यासारखे अभ्यासक रस्त्याचं प्रभावक्षेत्र म्हणतात. ५० मीटरवर मला ट्रकखेरीज दोनच आवाज वेगळे काढता आले. ५०० मीटरवर तित्तिर, चंडोल आणि दूर टेकडीकडे मोर.

इथल्या जंगलातल्या बंगल्याचं नावच लांडोर. १९३७ साली धुळ्याला आले असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे मुक्कामाला होते, आणि त्या आठवणीसाठी दर ३१ जुलैला तिथे लोक जमतात. बंगल्याला मोराच्या मादीचं नाव देणाऱ्याला खिडकीतून काय दिसत असेल, याचा विचार करत मी तिसरी दहा मिनिटं पूर्ण केली. लळिंगच्या किल्ल्यामागे ढग पुन्हा दाटत होते.

रात्री ९.३०, जळगाव

ठिपके नकाशावर चढवले. छायाचित्रांना नावं दिली. आजचे भेक नाल्याच्या दोन्ही काठांवर, पुन्हा तिथेच.

मग राहवेना, नानांना फोन लावला. या वेळेला शेतकऱ्याला फोन करू नये हे कळतं, पण त्यांनी दुसऱ्या घंटेला उचलला. विचारलं, नाना, मोरीतल्या तुमच्या फरशा किती रुंद आहेत? एक घातलीय की दोन जोडून?

थोडा वेळ काहीच आवाज नाही. ते मनातल्या मनात हात फरशीवर ठेवत असावेत.

"तीन वीत, ताई. मना हातना."

वहीत लिहिलं: तीन वीत, नानांच्या हाताच्या. वीत साधारण नऊ इंच धरली तर सुमारे ६९ सेंटिमीटर. कडेला कंसात: उद्या सकाळी पट्टीने मोजणे, उंचीही. बाहेर पाऊस सुरू झालाय. आप्पांना कळवलं, सव्वाचारलाच.